रकाना चौथा

रकाना ४ : अनुपस्थितीचे कारण

"स्थलांतरित," माणिकराव म्हणाले. "लिही. अर्ध्या स ला थ, मग ल, त्याला काना, वर टिंब..."

"लिव्हता येतंय मला," बन्सी म्हणाला. "त्याचा अर्थ काय ते सांगा."

"अर्थ काय करायचाय तुला? एकोणसाठ घरं बंद हायेत. एकोणसाठ डाव त्योच शब्द लिव्हायचा. पन्नासाव्या घरापस्तोर हात बसंल."

कोल्हेटाकळीची ग्रामपंचायत आणि सोसायटी एकाच पत्र्याखाली होत्या. मधल्या भिंतीला चहाचा कप जाईल एवढं भोक होतं आणि त्या भोकातून तीस वर्षं हाक येत होती ती बन्सीला. शिपाई तो ग्रामपंचायतीचा, पण काम दोन्हीकडचं आणि खुर्ची कुठलीच नाही. माणिकराव सोसायटीचे सेक्रेटरी. रेशनचं दुकान सोसायटीचं, म्हणून तालुक्याहून आलेलं पत्र त्यांच्या टेबलावर होतं. टेबलावर म्हणजे आवकच्या रजिस्टरात, कडकडीत चिकटवलेलं. पत्र आलं की त्याला गव्हाच्या पिठाची खळ लावायची आणि पानावर दाबून बसवायचं, ही बन्सीची पद्धत. त्यानं चिकटवलेलं पत्र उंदरालाही सुटत नसे.

पत्रात लिहिलं होतं की उद्या सकाळी दहाला तपासणीचे साहेब येतील. बंद घरांची नोंद होईल. चौथ्या रकान्यात कारण लिहावं. जी कुटुंबं स्थलांतरित असतील त्यांची नावं रेशनमधून आणि गावच्या यादीतून वगळण्यात येतील.

"स्थल म्हंजे जागा," माणिकराव म्हणाले, कारण बन्सी हलत नव्हता. "अंतर म्हंजे दुसरी. जागा सोडून दुसऱ्या जागी गेलेला. संस्कृत हाय ते, उगं शंका काढू नको."

"दुसरीकडं गेलेत कुठं? ऊस तोडायला गेलेत. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की पाडव्याच्या म्होरं येतेतच की समदे. सिदूची तर म्हसबी हितंच हाय."

"म्हशीचं नाव यादीत न्हाई."

"सिदूचं हाय. ते कावून कापायचं?"

माणिकरावांनी कप खाली ठेवला. "मग दुसरा शब्द आण. दोन बोटाच्या रकान्यात बसंल आसा, आन् साहेबाला कापता येऊ नये आसा. उद्या दहाच्या आत."

हे त्यांनी कटकट टाळायला म्हटलं होतं. पण बन्सी शिपाई माणूस. 'आण' म्हटलं की तो आणायला निघायचा. त्यानं आजवर तहसिलातून दाखले आणले होते, सभेला शेजारच्या गावातून खुर्च्या आणल्या होत्या, एकदा तर जनावराच्या डॉक्टरालाच मोटारसायकलसकट बैलगाडीत घालून आणलं होतं. शब्द तेवढा आणायचा राहिला होता. त्यानं टोपी घातली आणि निघाला.

रकाना ४ : (पुन्हा)

तात्याबा शहाऐंशीचे. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकले, नंतर तहसिलात कारकुनी केली. दुष्काळानं गावातलं सगळं आटलं तरी तात्याबांकडचे शब्द आटले नव्हते. ते लिंबाखाली बाजेवर बसून कोंबड्यांना जोंधळा टाकत होते.

"निजामाच्या दप्तरात येकच खाना हुता," ते म्हणाले. "फौत-फरारी."

"म्हंजी?"

"फौत म्हंजी मेलेला. फरारी म्हंजी पळालेला. दोगं येका खान्यात. सरकारला काय, हाजिर न्हाई म्हंजी न्हाई."

"लई वंगाळ हाय तात्याबा. सिदू काय पळालाय व्हय? टॅक्टरवर बसून, गाणी लावून गेला की त्यो. जाताना तुमच्याच पाया पडला."

"मग परागंदा लिव्ह."

एवढ्यात माणिकरावही मागोमाग आले. शब्द मिळतोय की काय या धास्तीनं आले असावेत. "परागंदा? चांगला हाय," ते म्हणाले. "पराग म्हंजे फुलातली भुकटी. वारं सुटलं की उडती आन् कुठल्या कुठं जाती. त्याच्यावरनं परागंदा."

"गप बे माणक्या!" तात्याबा बाजेवर ताठ झाले. "फारसी लफ्ज हाय त्यो. परागंदा. इस्कटलेलं. पांगलेलं. फुलाचा काय संबंध? हे बघ आसं." आणि त्यांनी मूठभर जोंधळा हवेत भिरकावला. "हे परागंदा!"

दाणे अंगणभर पांगले. मग सात कोंबड्या आल्या आणि त्यांनी सगळी व्युत्पत्ती वेचून खाल्ली.

"मास्तरनं शिकवलंय मला फुलाचं," माणिकराव म्हणाले.

"तुझा मास्तर पानगावचा. त्याला काय फारसी येती?"

"पण तात्याबा," बन्सी मध्येच म्हणाला, "भुकटी काय आन् दाणं काय, दोनीबी पांगणंच. पांगलेलं परत येतं का?"

तात्याबांनी चष्मा काढला. त्याला एकच काच होती, ती पुसली.

"लफ्जात तसं काई सांगितलेलं न्हाई."

"मग ह्योबी नगं."

"मला कावून इचारतो मग? ज्यो गेला त्याला इचार, त्यो काय म्हणून गेला. मी तर जल्मात बीडच्या पुढं गेलो न्हाई."

रकाना १ : घर क्रमांक

बन्सीच्या खांद्यावर कासऱ्याचा एक तुकडा असायचा आणि त्यात ओवलेल्या एकोणसाठ चाव्या. तो चालला की गावाला कळायचं. गाव म्हणजे जे उरले होते ते, निम्मे म्हातारे आणि निम्मे बहिरे.

दिवाळी झाली की टोळ्यांचे ट्रॅक्टर यायचे. चढण्याआधी प्रत्येक घरचा माणूस बन्सीकडं चावी द्यायचा आणि एकच सांगायचा, चूल बघ. म्हणजे महिन्यातून एकदा कुलूप काढायचं, चुलीत चार गवऱ्या पेटवायच्या, घरभर धूर होऊ द्यायचा आणि पुन्हा कुलूप. धूर लागला नाही तर माळवदाच्या लाकडाला वाळवी लागते, आढ्याला वटवाघळं लटकतात, असं कारण सांगायचे. ते खरंही होतं. पण पत्र्याच्या घरांना कसली वाळवी? तेही सांगायचेच.

वरच्या आळीतले लोक म्हणायचे, आमची आवसेला पेटव. बन्सीच्या बौद्धवाड्यातले म्हणायचे, पुनवेला पेटव. बन्सीनं सगळ्यांना हो म्हणून आपल्या सवडीनं महिनाभर वाटून घेतलं होतं. त्याच्या आज्याला ज्या घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं करून वरून भाकर टाकली जायची, त्या घरांच्या चुलीपुढं बन्सी आता मांडी घालून बसायचा आणि फुंकणीनं फुंकायचा. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. ठरवणारे सगळे ऊस तोडायला गेले होते.

यातलं सत्तावीस नंबरचं घर ऊसतोडीचं नव्हतं. ते जालिंदरचं होतं.

जालिंदर बन्सीचा थोरला भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात, सरकारी सुकडीवर दिवस काढून झाल्यावर, बायको मनकर्णा आणि एक गोधडी घेऊन तो निघाला. बन्सी तेव्हा चौदाचा. दादानं अलिगडचं कुलूप लावलं, चावी बन्सीच्या हातात दिली आणि म्हणाला, "बन्स्या, जगायला चाललोय. चूल बघ." पुढच्या वर्षी भिवंडीहून एक पोस्टकार्ड आलं. बरं आहे, असं होतं. मग काही आलं नाही. बन्सी दोनदा भिवंडीला जाऊन आला. पत्ता होता, चाळ नव्हती.

बन्सी ग्रामपंचायतीत लागल्यापासून खानेसुमारी झाल्या, मतदार याद्या झाल्या, रेशनकार्डं पिवळ्याची केशरी आणि केशरीची पिवळी झाली. प्रत्येक वेळी मोजणारा विचारायचा, सत्तावीस? आणि बरोबर चालणारा बन्सी सांगायचा, "हायेत. बाहेर गेलेत." मोजणारा लिहायचा आणि पुढं जायचा. त्रेचाळीस वर्षं जालिंदर किसन आणि मनकर्णा जालिंदर असे बाहेर गेलेले होते, जसं कुणी दुकानापर्यंत जावं.

उद्याचा साहेब घर उघडून बघणार होता.

रकाना ३ : घराची स्थिती (उघडे / बंद)

"सबूद काय हुडकायलाव?" पारूबाई म्हणाली. ती बन्सीची बायको. तिला चार अक्षरं येत नव्हती, पण तिसरा रकाना नवऱ्यानं वाचून दाखवला तेवढा पुरला. "तुमच्या चौथ्याला पुसतंय कोण? तिसऱ्यात 'उघडे' आलं की चौथा आपसूक रिकामा ऱ्हातो का न्हाई?"

बन्सीनं तिसरा रकाना पुन्हा वाचला. मग म्हणाला, "तू सेक्रेटरी व्हायची व्हतीस पारू."

"मला भोकातनं कप घ्यायला जमणार न्हाई. उठा, उजाडायच्या आत लिंबाचा पाला तोडा. वल्ल्या पाल्याचा धूर टिकतो."

सकाळी सहाला दोघं बाहेर पडले. बन्सीनं कुलूप काढायचं, पारूबाईनं गवऱ्या रचायच्या, काडी लावायची, वर पाला टाकायचा आणि पुढं. बातमी फुटली तशी म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. केसरबाईनं दारांपुढं झाडून घेतलं. चतुराबाईनं रिकाम्या वलणींवर स्वतःची तीनच लुगडी आळीपाळीनं वाळत घातली, म्हणजे साहेब पुढं गेला की मागचं लुगडं ओढायचं आणि पुढच्या घरी टाकायचं. तात्याबांना सिदूच्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की तुम्ही सिदूचे वडील. ते म्हणाले, सिदूच्या बापाशी माझं कधी पटलं न्हाई, मी बसणार न्हाई. मग त्यांना शेजारच्या ओट्यावर बसवलं.

अठराव्या घरी घोटाळा झाला. घाईत बन्सीनं उत्तरेश्वरच्या कुलपाला सिदूची चावी लावली आणि ते उघडलं. त्यानं दुसरी लावून बघितली. तिच्यानंही उघडलं. तिसरीनंही. तीस वर्षं त्यानं प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती, पावसात रंग गेला की नवी बांधली होती. सगळी कुलपं नांदूरघाटच्या बाजारातल्या एकाच गाड्यावरची.

"म्हंजी कुणीबी कुणाचंबी उघडू शकत हुतं," तो म्हणाला.

"पण उघडलं का?" पारूबाई म्हणाली. "चला. पाला सरायलाय."

सत्तावीस नंबरला मात्र अलिगडचीच चावी लागली.

दहाच्या सुमाराला कोल्हेटाकळीवर असा धूर धरला की फाट्यावरून येणाऱ्या जीपनं हॉर्न वाजवायला सुरुवात केली. साहेब उतरले ते नाकाला रुमाल लावून. तिशीचे असतील. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आग कुठं लागलीय?"

"आग न्हाई साहेब," माणिकराव हात जोडून म्हणाले. "सैपाक."

"एकाच वेळी? सगळ्या गावाचा?"

"एकी लई हाय गावात."

साहेब पहिल्या घरात गेले. चूल पेटलेली. माणूस नाही. दुसऱ्या घरात गेले. चूल पेटलेली, चुलीत मांजर व्यालेलं, ते पिलांसकट आता भांड्याच्या मांडणीवर बसून साहेबांवर फिस्कारत होतं. माणूस नाही. तिसऱ्या घरात जाताना वलणीवरचं लुगडं त्यांच्या डोळ्यांसमोर सरकन गेलं.

"माणसं कुठंयत?"

मग पारूबाईनं पदर सावरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "परसाकडं गेलेत."

"सगळे?"

"सकाळची येळ हाय साहेब."

माणिकरावांनी कपाळावर हात मारला, कारण साहेबांच्या डोक्यावरच बोर्ड होता. 'हागणदारीमुक्त गाव कोल्हेटाकळी आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' साहेबांनी वर बघितलं. एकदा बोर्डाकडं, एकदा पारूबाईकडं. मग ते खोकू लागले आणि त्यात हसणं किती होतं ते कुणाला कळलं नाही.

"मामा," ते बन्सीला म्हणाले, "ऊसतोडीला गेलेत ना?"

बन्सीनं टोपी काढली. "व्हय साहेब."

"मग हे धुराचं कशाला? हंगामी मजुरांची नावं कापायची नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. पत्राच्या मागच्या बाजूला."

माणिकरावांनी बगलेतलं रजिस्टर उघडलं. पत्राला मागची बाजू होती, पण ती त्रेपन्नाव्या पानाला चिकटलेली होती. साहेबांनी ते पान उन्हाकडं धरलं, तेव्हा अक्षरं उलटी दिसली. 'हंगामी कामगार वगळून.'

सगळे बन्सीकडं बघायला लागले.

"खळ चांगली हुती," बन्सी म्हणाला.

रकाना २ : कुटुंबप्रमुखाचे नाव

अठ्ठावन्न घरांपुढं साहेबांनी भराभर 'हंगामी' लिहिलं. लिंबाचा पाला विझत आला. म्हाताऱ्या घरी गेल्या, चतुराबाईनं आपली लुगडी गोळा केली. आता विषय संपला असं धरून माणिकराव चहाचं सांगायला गेले.

"सत्तावीस," साहेब म्हणाले. "जालिंदर किसन. कोणत्या टोळीत?"

"बाहेर गेलेत," बन्सी म्हणाला.

"कधी?"

"झालं थोडं दिस."

पारूबाई खाली बघत होती. साहेब वाकून आत गेले. घरात काही नव्हतं. भांडं नाही, गोधडी नाही, भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला काही नव्हतं. पण चूल पोतेऱ्यानं सारवलेली होती. बाकीच्या घरांत आढ्याला जाळी लागली होती, इथं जाळीचा पत्ता नव्हता. वरची लाकडं काजळीनं अशी काळी झाली होती की तिथं रोज दहा माणसांचं शिजतंय असं वाटावं.

साहेब आत बराच वेळ राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी यादीतलं जन्मसाल पुन्हा बघितलं.

"मामा, तुमचे कोण?"

"दादा."

"किती दिवस?"

बन्सीनं चाव्यांचा कासरा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "भात्तरच्या दुस्काळात गेलतं."

साहेबांनी बोटं मोजली नाहीत. ते ओट्यावर बसले आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवला. "मी चकलांब्याचा," ते म्हणाले. "आमच्याकडंबी अशी दोन घरं आहेत. पण मला इथं काहीतरी लिहावं लागंल. हंगामी लिहिता येणार नाही."

"स्थलांतरित लिव्हू नका."

"मग काय लिहू?"

"फरारी न्हाई त्यो. परागंदाबी न्हाई." बन्सी चाचपडत म्हणाला. "जाताना त्यो जे बोलला तेच लिव्हा की."

"काय बोलले?"

बन्सीनं सांगितलं.

साहेबांनी पेन त्याच्या हातात दिलं. "तुमच्या हातानं लिहा. मी खाली सही करतो. वर गेल्यावर टिकंल का नाही, ते मला माहीत नाही. खोटं सांगत नाही."

रकाना ५ : परतण्याची अपेक्षित तारीख

बन्सीचं अक्षर मोठं. चौथा रकाना दोन बोटांचा. त्यानं जपून सुरुवात केली, तरी 'जगायला' लिहितानाच रकाना भरला आणि 'गेले' रेघ ओलांडून पाचव्यात गेलं. पाचवा रकाना त्या शब्दानंच भरला. तारखेला जागा उरली नाही.

"चालंल का?" त्यानं विचारलं.

साहेबांनी सही केली. मग चहा आला. तो धुरासारखा लागत होता.

शेरा

यादी फेब्रुवारीत आली, छापून. बन्सीनं खळ शिजवली, नोटिसांचा बोर्ड पुसला आणि चिकटवायच्या आधी, तीस वर्षांत पहिल्यांदाच, कागद उलटून मागची बाजू वाचली. मागं काही नव्हतं. पुढच्या बाजूला अठ्ठावन्न नावं होती. सिदू होता, उत्तरेश्वर होता. सत्तावीसपुढं 'कायम स्थलांतरित. नाव वगळले.' असं होतं.

माणिकराव भोकातून बघत होते. "बन्सी," ते म्हणाले, "मी चिकटवू का?"

"तुमाला जमणार न्हाई. फुगे ऱ्हातेत."

त्यानं मधून कडेला हात फिरवत यादी बसवली. सत्तावीसच्या ओळीवर एक फुगा आला, तोही अंगठ्यानं काढला.

त्या दिवशी पुनव होती. संध्याकाळी पारूबाईनं बघितलं तर तो गवऱ्या बगलेत घेऊन निघालेला.

"आता कावून? नाव तर कटलं."

"चुलीला कुठं वाचता येतंय?"

ती आत गेली आणि गोडेतेलाची वाटी घेऊन त्याच्यामागं चालू लागली. सत्तावीसच्या दारात तिनं वाटी धरली. बन्सीनं अलिगडच्या कुलपात पिसानं दोन थेंब सोडले. चावी एकदा फिरवली, परत फिरवली. अजून थोडी अडकत होती. त्यानं तिसरा थेंब सोडला.

"आता बघ," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाच्या हातानंबी फिरंल."